बाराव्या फोटोची संमती

कावेरीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. सिल्वासातल्या आमलीच्या चाळीतल्या नळाला पाणी तेव्हाच येत असे. पाणी भरून, भाकरी बांधून ती साडेपाचला कंपनीच्या गेटवर पोचे. पाळी मात्र सातची. मधला दीड तास फोटोंचा.

धुळ्याकडून आलेली ही बाई सुताच्या कारखान्यात पॅकिंगला होती. चार महिने ओव्हरटाइम करून तिने गजानन फोटोवाल्याकडून जुना कॅमेरा घेतला होता. मी त्याच गेटवर हमाली केली. हौसेने कॅमेरा धरणारे पुष्कळ पाहिले. दीड वर्ष एकही पहाट न चुकवणारी हीच.

१९९४ साली मुंबईच्या एका संस्थेने कष्टकऱ्यांचे फोटो काढणाऱ्यांना अनुदान जाहीर केलं. वर्षभराच्या फिल्मचा आणि प्रवासाचा खर्च त्यांच्याकडे. गजाननने पेपरातलं कात्रण तिला आणून दिलं. अर्जासोबत बारा फोटो हवे होते आणि फोटोतल्या प्रत्येकाची संमती, सही किंवा अंगठा. सातवी शिकलेल्या कावेरीने अर्ज स्वतः लिहिला, तीनदा. विषय होता सिल्वासातल्या ओझी वाहणाऱ्या बायका.

अकरा संमत्या झाल्या. बारावा फोटो सगळ्यांत चांगला होता. गेटाबाहेर बॉयलरचा कोळसा वाहणारी मंजुळाबाई, डोक्यावर पाटी, चेहरा काळा, नजर सरळ समोर. कावेरीने तिला कागद वाचून दाखवला. फोटो मुंबईत लागतील, छापूनही येतील. मंजुळाबाईने शाईचा अंगठा पदराला पुसून टाकला.

"लेकीच्या सासरी सांगितलंय, माय, मी बसून पॅकिंग करते म्हणून."

अर्ज पोस्टात टाकायला पाच दिवस उरले होते. मी कावेरीला म्हटलं, वाचून कशाला दाखवलंस, अंगठा घेऊन मोकळं व्हायचं.

"मग तो अंगठा तिचा कसा, भाऊ?"



दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईच तिच्याकडे आली. म्हणाली, "मागून काढ. तोंड माझं आहे, पाठ कंपनीचीच."

कावेरी तीन दिवस तिच्या मागे होती. कोळशाचा ढीग भिंतीच्या सावलीत. आठपर्यंत तिथे ऊन येत नसे. पहिल्या दोन दिवसांत काळ्यावर काळं, काहीच उमटलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने पाळीचा खाडा केला आणि ऊन येईपर्यंत उभी राहिली. दबलेली चुंबळ, ताणलेली मान, भुकटीतून उतरलेला घामाचा ओघळ, सगळं आलं. मंजुळाबाईने फोटो पाहिला, मग अंगठा दिला. अर्ज शेवटच्या दिवशी रजिस्टर पोस्टाने गेला.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. कावेरीने वर्षभर काम केलं, नोकरी न सोडता.

बायकांना द्यायच्या प्रती अनुदानात बसत नव्हत्या. त्या तिने आपल्या पगारातून काढल्या. मंजुळाबाईसाठी आणखी एक फोटो, गजाननच्या स्टुडिओत, रंगीत. नवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून, खुर्चीवर बसलेली मंजुळाबाई. तो लेकीच्या सासरी गेला, फ्रेमसकट.