रुमाल टाकलेल्या जागा

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात क्रिकेटची गुंडाळलेली मॅट येऊन पडली, तेव्हाच माझी उचलबांगडी ठरल्याचं मला कळलं. माजलगावच्या आमच्या कॉलेजात खोल्यांची कायम टंचाई. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत थेंबभर तरी काढून दाखवा. न्हाईतर खोली खेळाला द्यावी लागंल."

मला कार्बन डायऑक्साइडपासून टोल्युइन आणि झायलीन काढायचं होतं. रंगाला, प्लास्टिकला लागणारी ही रसायनं आज खनिज तेलातून येतात. इकडे साखर कारखान्याच्या धुराड्यातून तो वायू रोज फुकट जातो, आणि फुकट गेलेलं मला लहानपणापासून सहन होत नाही. हायड्रोजनबरोबर तो तापलेल्या नळीतून सोडायचा. नळीत जस्ताचा ऑक्साइड आणि झिओलाइटची पांढरी भुकटी. झिओलाइटच्या बारीक छिद्रांत आम्लाच्या जागा असतात. तिथे टेकून टोल्युइन-झायलीनला लागणारं कार्बनचं वलय जुळतं. त्या जागा वाढाव्यात म्हणून मी भुकटीवर प्रक्रिया करून ती पुन्हा पुन्हा धूत होते. पण पलीकडे बर्फातल्या बाटलीत जमायचं ते नुसतं पाणचट काहीतरी.

हीटरला शिव्या देऊन झाल्या, सिलिंडरवाल्याला देऊन झाल्या. मग एका दुपारी जारच्या पाण्याने विसळलेली काचपट्टी वाळली आणि तिच्यावर पांढरा डाग उठला. म्हणजे पाण्यात क्षार होते. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद पडल्यापासून भुकटी याच पाण्याने धुतली जात होती! आमच्याकडे जारचं पाणी म्हणजे शुद्धच, त्यावर कोण शंका घेणार? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, तशा त्यातल्या क्षारांनी आम्लाच्या जागा अडवल्या होत्या. कार्बन बिचारा उभ्यानेच प्रवास करून उतरत होता.

तडक बॅटरीचं दुकान गाठलं आणि इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड पाणी मागितलं, असतील तेवढे कॅन.

"समदे?" दुकानदार बघतच राहिला. "मॅडम, किती बॅटऱ्या हायत घरी?"

"एक बी न्हाई," मी म्हणाले.

भुकटी पुन्हा पहिल्यापासून केली. दिवाळी तोंडावर आली होती. या वेळी बाटलीत पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगला. झाकण काढताच थिनरसारखा वास आला आणि मी एकटीच टाळ्या वाजवत सुटले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. शहरातल्या प्रयोगशाळेनेही तपासून कळवलं: टोल्युइन, झायलीनच.

प्राचार्यांनी बाटली उजेडात धरली. "च्यायला!" म्हणाले, आणि समोर मी आहे हे आठवून ओशाळले. "धुरातल्या वायूचं हे झालं?"

"झालं. आता ती मॅट काढायची."

मॅट चांगलीच जड होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. माझं टोक मी जरा जोरातच ओढलं.