शेवटच्या रेघेवरचा पंच

वैभववाडीहून सुटणारी व्यावसायिक सायकलपटूंची एका दिवसाची शर्यत मालवणात संपायची, आणि शेवटच्या रेघेवर दर वर्षी एकच पंच असायचा. एरवी तो ओरोसला कचेरीत कारकून. सायकली दिसू लागल्या की चष्मा पुसून डांबरावर चक्क पालथा झोपायचा. "तोंडां कोण बघता? मी चाकां बघतंय," म्हणायचा.

त्या वर्षी माझ्या टेम्पोवर काम करणारा, मी पैसे घालून शर्यतीत उतरवलेला गडी आणि कोल्हापूरचा एक जण जोडीने आले. जिंकेल त्याला पुण्याच्या संघात जागा मिळणार होती. पंचाने कोल्हापूरकराकडे बोट दाखवलं. मी दोरी ओलांडून पंचाची कॉलर धरली.

"चार बोटांचो फरक रे! दोघांकय पयलो नंबर दे, मिटव."

"चार नाय, तीन," तो शांतपणे म्हणाला. "पण दादानू, रेघ एकच आसा."

मी ओरडलो, मग विनवलं. तो बधला नाही. माझा गडी पुन्हा माझ्या मासळीच्या टेम्पोवर कामाला लागला.

घासाघीस करतच मी धंद्यात वर आलो. दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर न बदलणारा माणूस तोवर भेटला नव्हता. तो बाजारात दिसला की अजून माझं डोकं तापतं. तरी पुढच्या वर्षी पंच बदलायची गोष्ट निघाली, तेव्हा 'नको' म्हणणारा पहिला मीच होतो.