पाकिटावरचं आडनाव

पलूसच्या आम्रपाली बनसोडेचं काम काय, हे तिच्या आईलासुद्धा समजायला बराच काळ गेला, तेव्हा तुम्हीही जरा दम धरा. सांगलीला विश्रामबागला एका लहानशा ऑफिसात ती बसते. नेटवर दुकान चालवणारे लोक तिच्याकडे येतात, बेदाणेवाले, हळदवाले, गादीवाले. लोक मोबाइलवर कुठले शब्द टाकून शोधतात आणि त्यातल्या कुठल्या शब्दावर जाहिरात केली तर माल खपेल, हे तिनं पारखून द्यायचं. एवढंच. पण या एवढ्यातच भलेभले गटांगळ्या खातात.

"शब्द हजारोंनी शोधला म्हणून हुरळू नका," ती गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची. "बाजारात हिंडणारं प्रत्येक माणूस घेणारं नसतं. पिशवी कुणाच्या हातात आहे ते बघा." 'कसं करायचं', 'कृती', 'प्रमाण' अशी शेपटं लागलेले शब्द ती आधी बाजूला काढायची. विचारणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. पुण्याच्या एका साहेबाला तर तिनं यावरून असं झापलं, की बिचारा फोनवर नुसता "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे काय उगाच म्हणतात?

तिची आई लक्ष्मीबाई. हिच्या हातचा कांदा-लसूण मसाला म्हणजे, अहाहा! डबा उघडला की गल्लीच्या टोकाला माणूस शिंकायचं. आजूबाजूच्या बाया दारात थांबायच्या, वास घ्यायच्या, "लय भारी गं लक्ष्मी" म्हणायच्या, लसूण किती, खोबरं किती, सगळं विचारून घ्यायच्या. पण "वाटीभर घिऊन जावा की" म्हटलं, की कुणाला उशीर व्हायचा, कुणाच्या घरी देवाचं निघायचं. का, ते लक्ष्मीबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. जन्म त्यातच गेला होता.

म्हणून लेक म्हणाली, "आई, नेटवर विकू," तेव्हा ती हसली. "तितं आडनाव इचारत न्हाईत व्हय?"

"इचारू देत की! ठळक छापू. तुझं पुरं नाव टाकू पाकिटावर."

लक्ष्मीबाई बनसोडे. ती छापील अक्षरं बघून बाई कितीतरी वेळ पाकिटावरून हात फिरवत बसली होती.

आता शब्द पारखायचा. महिना वैशाखाचा. 'कांदा लसूण मसाला' शोधणाऱ्यांचा आकडा असा चढलेला, की हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी! अगं बये, वैशाखात साताऱ्यापासून सांगलीपर्यंत घराघरात काय चालू असतं? अंगणात मिरच्या वाळतात, डंकावर कुटायला रांगा लागतात, वर्षाचा मसाला डब्यात भरायची घाई असते. त्या सगळ्या लेकीसुना मोबाइलवर प्रमाण विचारत होत्या. 'कसा करायचा'ची शेपटं तिथं स्पष्ट दिसत होती. आम्रपालीनं ती बघितली, आणि बघून नजर पुढं सरकवली. आईचा मसाला खपणारच, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. परक्याचा शब्द असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं.

लक्ष्मीबाईनं पोत्यानं मिरची आणली. हातांची आग आग व्हायची, तेल चोळून ती तशीच पुन्हा कामाला बसायची. ज्येष्ठात दुकान उघडलं. लोक आले, कृती सापडेना म्हणून निघून गेले. घराघरातले डबे तर काठोकाठ भरलेले. पाकीट गेलं ते एकच, तेही आम्रपालीच्या कराडच्या मैत्रिणीनं लाजेकाजेनं घेतलेलं.

कारण आम्रपालीला लगेच कळलं. जाहिरातीवर बोट दाबून दुकानात आलेल्यांनी काय काय शोधलं होतं ते तिनं उघडून बघितलं. 'किलोभर मिरचीला कांदा किती.' 'मसाल्यात मीठ कधी घालायचं.' ज्या चुकीवरून त्या साहेबाला झापलं, नेमकी तीच! आईला सांगायचं म्हणून ती स्वयंपाकघरात जायची आणि पाणी पिऊन परत यायची. बाहेर मॅडम म्हणवून घेणाऱ्या बाईला घरात "माझं चुकलं" म्हणवेना. "होईल, होईल," म्हणत तिनं दिवस ढकलले.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर लक्ष्मीबाई जमिनीवर पाकिटं पसरून बसलेली. शेजारी कात्री आणि डिंक. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून ती एकेका पाकिटावर चिकटवत होती.

"आई, काय करतीस हे?"

"आडनाव झाकती. नुसतं लक्ष्मीबाई ऱ्हाऊ दे." तिनं मान वर केली नाही. "लोकं तितंबी नाव वाचत्यात गं. येत्यात, वाचत्यात आन् माघारी जात्यात. मसाल्यात काय खोट न्हाई, मग दुसरं काय असणार?"

आम्रपालीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ती आईच्या पुढ्यात खाली बसली. "आई, नको गं. नावाचं काय न्हाई. शब्द चुकला. म्या चुकीचा निवडला." मग तिनं सगळं सांगितलं. त्या बाया घेणाऱ्या नव्हत्याच, घरी करणाऱ्या होत्या. त्यांनी पाकिटावरचं नाव वाचलंसुद्धा नव्हतं.

"नाव वाचून गेल्या न्हाईत?"

"न्हाई."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुझ्या गळ्याची आण."

लक्ष्मीबाईचा चेहरा उजळला. मसाल्याचं दुःख तिला जणू नव्हतंच. "आगं, मग झालं की! दिवाळीच्या पुढं लोकांचं डबं रितं व्हत्यात, तवा बघू." आणि मग तिचा हात थांबला. "तुला कवा कळलं हे?"

"पयल्याच आठवड्यात."

लक्ष्मीबाईनं कात्री बाजूला ठेवली. ती ओरडली असती, एक ठेवून दिली असती, तर लेकीला बरं वाटलं असतं.

"मग बोलली का न्हाईस गं?" ती हळूच म्हणाली. "इतकं दिस म्या तुझ्या बाच्या नावाची लाज धरली."

तिनं पाकीट मांडीवर घेतलं आणि नखानं पट्टी सोलायला लागली. आम्रपालीनं दुसरं पाकीट उचललं, तर आईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"ऱ्हाऊ दे. म्या झाकलंय, मीच काढती."