दहा घरांचे अभिप्राय

मंडपाच्या धंद्यात सामान कितीही नीट आवरलं तरी एखादी सतरंजी लग्नघरी राहतेच, आणि तिच्या बदल्यात एखादा किस्सा आपल्या टेम्पोत येतो. सतरंजी पुढं कधीतरी परत मिळते. किस्सा मात्र कुणी परत मागायला येत नाही, म्हणून किस्से साठत जातात.

आमच्या गावात, कुंडलला, दुसरं एसटीडी बूथ निघालं, त्या सालची गोष्ट. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, मंडप-डेकोरेशन करायचे. मी नववीतून शाळा सोडून त्यांच्याबरोबर लागलो, त्याला चार-पाच वर्षं झाली होती. सांगलीत तेव्हा एक नवं मंगल कार्यालय होत होतं. त्याचे मालक आप्पा दाजींना म्हणाले, "तोंडी तारीफ समदीच करत्यात. धा घरांचं लेखी आणा, वर्षभराचं डेकोरेशन तुमचं."

हे काम मिळालं तर दाजी मला भागीदार करणार होते. नाही मिळालं तर विट्याचे एक मामा मला कोइमतूरला त्यांच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात नेणार होते. मला गाव सोडायचं नव्हतं. पण अभिप्राय मागायचं काम दाजींनी माझ्यावरच टाकलं, आणि मला तर पंगतीत वाढप्याकडं दुसऱ्यांदा भातसुद्धा मागता यायचा नाही.

*

पहिल्या लग्नात मी दिवसभर अभिप्रायाची वही शर्टाच्या आत घालून फिरलो. नवरीचे वडील मोकळे सापडतच नव्हते. शेवटी ते एकटेच खांबाला टेकून उभे दिसले. मी वही पुढं केली, आणि मग लक्षात आलं की नवरीची जीप आत्ताच वळणाआड गेली होती.

त्यांनी डोळे पुसत लिहिलं, "पोरगी गेली. मंडप चांगला होता."

दाजींनी ते दोनदा वाचलं. "मयताच्या घरनं आणल्यागत वाटतंय गड्या हे."

*

साताऱ्याकडच्या एका रिटायर सुभेदारांनी मात्र मी मागायच्या आधीच वही ओढून घेतली आणि उभ्या-उभ्या लिहिलं:

"मंडप सहा वाजता तयार. सव्वानऊला एक खांब हलला. नऊ सतराला दुरुस्त. शिस्त समाधानकारक. वही घेऊन फिरणाऱ्या जवानाने केस कापावेत."

दुसऱ्या दिवशी मी कापले.

*

पलूसकडच्या एका हायस्कूलातल्या सरांच्या मुलीचं लग्न बौद्ध पद्धतीनं होतं. पत्रिकेत वेळ सकाळी साडेदहाची. दाजींचा आजवरचा अनुभव असा की, साडेदहा छापलं की नवरदेव एकच्या आत येत नाही. म्हणून आमचा टेम्पो आरामात दहाला पोचला.

बरोबर साडेदहाला वंदना सुरू झाली. हार घातले गेले, टाळ्या झाल्या, आणि सव्वाअकराला पंगत बसली. मी अजून शिडीवर झालर बांधत होतो.

"सर, चुकलं आमचं," दाजी म्हणाले.

"असू द्या. वही कुठाय तुमची?" सरांनी सुंदर अक्षरात लिहिलं, "लग्न वेळेवर झाले. मंडप नंतर झाला."

*

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी काही लिहायलाच तयार होईनात. हळदीच्या सौद्यात भाव रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. शेठजींना तीच सवय. त्यांनी माझा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि खालून माझी चार बोटं दाबली.

"कळलं?"

मी मान हलवली. त्यांनी कोऱ्या पानावर सही करून दिली.

दाजींनी विचारलं, "चार म्हंजे पाचांत, का धांत?"

ते विचारायचं राहिलं होतं. "ऱ्हाऊ दे कोरं," दाजी म्हणाले. "सही तर हाय."

*

तासगावकडच्या एका आजींना लिहिता येत नव्हतं. "मी सांगती, तू लिव," त्या म्हणाल्या. "मंडप ब्येस हाय. पर आमचा व्याही लय चिकट. पावण्यास्नी पान बी दिलं न्हाई."

हे नको म्हणायचा धीर मला झाला नाही. सगळं लिहिलं, त्यांचा अंगठा घेतला. पुढच्या आठवड्यात तेच व्याही भाच्याच्या लग्नाचा मंडप ठरवायला दाजींकडं आले. वही चाळली आणि झटकन खिशातून पेन काढलं. त्यांचं उत्तर दोन पानं भरलं. शेवटच्या ओळीत कुठं मंडपाचा उल्लेख आला.

"हे एक धरायचं का दोन?" मी विचारलं.

"घरं दोन हायती. दोन धर."

*

आणखी तीन घरांनी काही खोड न काढता लिहून दिलं, आणि नऊ झाले. दहावं लग्न विट्याला, त्याच गलाईवाल्या मामांच्या मुलीचं. मंडप मी असा उभारला की वाऱ्यातसुद्धा खांब हलला नाही. मामा खूश झाले, आणि तिथंच घोटाळा झाला. आता तर मी त्यांना दुकानात हवाच होतो. त्यांनी लिहिलं:

"मंडप उत्तम. तो उभारणाऱ्या पोराला मी पुढच्या महिन्यात कोइमतूरला नेतोय. काम देणाऱ्याने विचार करून द्यावे."

"पान फाडू या," मी म्हणालो.

"मग नऊच ऱ्हातील," दाजी म्हणाले. तशीच वही घेऊन आम्ही सांगलीची एसटी धरली.

आप्पांनी नेमकी वही शेवटच्या पानावर उघडली. मामांचं पान वाचलं, मग पहिल्या पानापासून सगळं वाचलं, आणि पुन्हा मामांच्या पानावर आले.

"उभारणाराच जाणार आसंल तर माझ्या काय कामाचं हे? कोन हाय ह्यो पोरगा? जाणार हाय व्हय?"

दाजी माझ्याकडं बघायला लागले. मी पुढं झालो. टेबलावरचं पेन उचललं, वही ओढून घेतली आणि मामांच्या सहीखाली लिहिलं, "पोरगा जाणार नाही. पोरगा मीच आहे." खाली सही केली आणि वही परत सरकवली.

आप्पांनी ते वाचलं, वही मिटून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि वर्षभराच्या तारखांचं रजिस्टर दाजींपुढं सरकवलं.

"ह्यो अकरावा झाला," ते म्हणाले. "मी धाच मागितलं हुतं."