एकोणऐंशी नंबरचा चौकोन

“‘निर्व्यसनी’ सगळेच लिहितात हो ताई. तेवढं काढून टाका, प्रत्येकाची एकेक ओळ वाचेल.”

“आणि एखादा खरंच निर्व्यसनी निघाला तर?”

“तो या पुस्तकात कशाला येईल? त्याचं कधीच जमलं असतं.”

पार्टिशनच्या पलीकडे दोघंही हसले. अलीकडे मी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि हसू दाबत होते. बोलणारे काका आमच्या समाजाच्या मंडळाचे सचिव. मंडळ दरवर्षी वधू-वर परिचय पुस्तिका काढतं आणि तिची पानं जुळवायचं काम रविवार कारंजाजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात येतं. ऑफिस ताईंचं. तिथे त्या, मी, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. काकांनी फॉर्मची पिशवी टेबलावर ठेवली, माझ्याकडे वाकून “काय बाळा, यंदा पुस्तक तू जुळवणार का?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरले. लोक माझ्या उत्तराची फारशी वाट बघत नाहीत. मला ते बरंच वाटतं.

आदल्या वर्षीच्या पुस्तिकेत एक घोटाळा झाला होता. शेवटच्या घाईत कुणीतरी एक फोटो थोडा सरकवला, त्याबरोबर खालचा मजकूरही सरकला, आणि एका मुलीच्या फोटोखाली दुसरीच्या वडिलांचा मोबाईल नंबर छापला गेला. चांदवडच्या एका गृहस्थांना महिनाभर भलत्याच मुलीसाठी फोन येत होते. त्यामुळे या वर्षी मी ताईंना म्हटलं, की सगळं एकाच थरात ठेवण्याऐवजी लेयर करते. म्हटलं म्हणजे, कागदावर लिहून दिलं. ताईंनी तो कागद वाचला आणि म्हणाल्या, “अगं, आम्ही हेच करायचो. पानावर बटर पेपर लावायचा, दुरुस्त्या त्याच्यावर. खालचं पान स्वच्छ राहायचं. कर.”

लेयर म्हणजे तसंच काहीतरी. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. सगळ्यात खाली मी चौकटी आणि क्रमांक ठेवले. पानावर सहा चौकोन, प्रत्येकाच्या कोपऱ्यात मंडळाने फॉर्मवर टाकलेला नंबर. त्यावर फोटोंचा लेयर, त्यावर मजकुराचा. सर्वांत वरच्या लेयरला ‘शंका’ असं नाव दिलं. अक्षर लागत नाही, उंची लिहिलेली नाही, फोटोत दोन मुली आहेत, यातली कोणती? अशा गोष्टी तिथे. तो छापायचा नाही. प्रत्येक नावापुढे एक डोळ्याचं चिन्ह असतं, ते बंद केलं की तो थर दिसत नाही आणि छापलाही जात नाही. शेजारी कुलूप असतं. चौकटींना मी पहिल्याच दिवशी कुलूप लावलं, म्हणजे चुकूनही कुणाचा धक्का लागायला नको.

दोन आठवडे काम छान चाललं. फोटो बंद करून नुसता मजकूर वाचायचा, मग मजकूर बंद करून नुसते फोटो बघायचे. फोटोंशिवाय वाचलं की सगळे सारखेच वाटतात. मुलं कर्तबगार, मुली गृहकृत्यदक्ष. नुसते फोटो बघितले की मात्र कुणीच कुणासारखं दिसत नाही. एक मुलगी कांद्याच्या चाळीसमोर उभी राहून इतकी छान बघत होती, की तिचा मजकूर मी दोनदा तपासला.

मग पिशवीतून एक फॉर्म निघाला आणि नाव वाचण्याआधी मी अक्षर ओळखलं. बाबांचं अक्षर. ‘ळ’ची शेपटी ओढून पुढच्या शब्दापर्यंत नेणारं.

फोटो माझाच, मावसबहिणीच्या येवल्यातल्या लग्नातला होता. पैठणी आईची, अंबाडा मावशीने घातलेला, खांद्यावर फोटो कापताना उरलेला कुणाचा तरी हात. स्वभाव : शांत. शिक्षण : बी.ए., इंग्रजी माध्यम. अपेक्षा : नाशिक किंवा पुणे, सुशिक्षित कुटुंब. आणि शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘मुलीच्या नोकरीचा आग्रह नाही.’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. या नोकरीसाठी मी घरात आठ महिने बोलत होते. माझ्या पद्धतीने, म्हणजे जेवताना एखादं वाक्य, मग गप्प. बाबा ऐकून घेत. ऑफिसचा पहिला दिवस होता तेव्हा मला त्यांनीच स्कूटरवरून आणून सोडलं होतं. फॉर्म भरताना त्यांना यात काही वावगं वाटलं नसणार. मुलीकडून सोय दाखवायची, एवढंच. पण पुस्तिका घरोघर जाते. चांदवड, कळवण, सटाणा. ज्या घरांनी ती वाचून विचारपूस केली असती, त्यांनी हे वाक्य धरून केली असती. मग मी काय सांगणार होते? आणि कुणाला?

मी फॉर्म टाईप केला. एकही चूक न करता. फोटो कापून बसवला. मग एक नवीन लेयर केला, माझा फोटो आणि माझा मजकूर त्यावर हलवला, लेयरच्या नावाच्या जागी नुसतं एक टिंब दिलं आणि त्याचा डोळा बंद केला. घरी काही बोलले नाही. ताईंनाही नाही. मला वाटलं, झालं.

मला लेयर समजतात. चौकट आणि नंबर खालच्या थरावर आहेत, त्यांना कुलूप आहे, ते मीच लावलंय, हे मला पाठ होतं. तरीही त्या दिवशी ते डोक्यात आलं नाही. की मी येऊ दिलं नाही, कोण जाणे.

प्रूफ तपासायला काका लाल पेन घेऊन आले. ताईंच्या टेबलाशी बसून एकेक पान उलटत, चहा पीत, तासभर. मग थांबले.

“ताई, एकोणऐंशी कुठंय?”

एरवी मला मराठी आकडे मनातल्या मनात इंग्रजीत करून घ्यावे लागतात. हा लगेच कळला.

“हे बघा. नंबर हाय, चौकट हाय, आत काहीच नाय. पाच पोरी आणि एक रिकामी खोली.”

“लेयर बंद राहिला असेल,” ताई म्हणाल्या. “बघ गं जरा. चालू कर.”

वाट सोपी होती. ‘राहिलं’ म्हणायचं आणि चालू करायचं. काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी टिंबापुढचा डोळा उघडला. पैठणी नेसलेली मी त्या चौकोनात येऊन बसले.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अरेच्चा! ही तर तू!” आणि ताईंकडे वळून, “बघितलं का ताई, स्वतःचाच फॉर्म दडवून ठेवला पोरीने. लाजली!” ते मनापासून हसले. “लाजायचं काय त्यात बाळा? तुझे वडील स्वतः देऊन गेलेत. चांगलं स्थळ येईल. राहू दे आता चालूच.”

ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे झुकून तो मजकूर वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. काकांचं पेन तोवर पुढच्या पानावर गेलं होतं. ते पान उलटलं की विषय संपणार होता.

मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“काका, मी लाजले नाही. हा फॉर्म मला न विचारता भरलाय, तो छापू नका. बाबांना मी आज घरी गेल्यावर सांगते. ऐंशीपासून पुढचे सगळे फॉर्म एकेक घर मागे घेते, नंबरही मीच बदलते.”