मारेकरी मुलीसाठी स्थळ

जगात कुणीही बिनलग्नाचं राहू नये, असं माझ्या आत्याइतकं मनापासून कुणालाच वाटत नसेल. आणि ती स्वतः बिनलग्नाची आहे. कांचघर नावाच्या मोहल्ल्यात एकटी राहते. दारूगोळ्याच्या कारखान्यात गोळे भरायच्या विभागात नोकरी करून निवृत्त झाली. बँकेतला कारकून असो की सिलिंडर आणणारा भैया, तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "लग्न झालं का?" एकदा हेल्मेट नाही म्हणून आम्हाला चौकात पोलिसानं अडवलं, तर पावती फाडून होईपर्यंत तिनं त्याच्या धाकट्या भावासाठी मुलगी सुचवली होती. तिला स्वतःला तरुणपणी पुष्कळ जण बघून गेले. मुलगी पसंत पडायची, पण बारूदीचं काम नको, नोकरी सोडत असेल तर बघू, असा निरोप यायचा. आत्याला काम आवडायचं. तिनं ते सोडलं नाही, आणि नकार येत राहिले. हे सगळं ती हसत सांगते, म्हणून ऐकणाऱ्यालाच अवघडायला होतं.

गेल्या वर्षी मी तिला एक मारधाडीचा सिनेमा दाखवायला नेलं. नायिका पैसे घेऊन माणसं मारणारी. धडाधड खून करायची आणि रिकाम्या फ्लॅटवर येऊन भिंतीकडे बघत बसायची. लोक शिट्ट्या वाजवत होते आणि आत्या पदरानं डोळे पुसत होती. "अरे, कोणीच नाही का रे हिला? इतकं काम करून राहिली पोरगी, घरी चहा विचारणारं माणूस नाही!" मेलेल्यांचं काय, असं मी विचारलं. "नोकरी आहे रे बाबा. कोणाची कशी, कोणाची कशी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या मुलीसाठी स्थळ बघायला घेतलं. मला ती थट्टा वाटली. पण काही महिन्यांनी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला सिव्हिल लाइन्समधल्या एक बाई भेटल्या, मुलगा रेल्वेत, चाळिशी उलटलेला. आत्यानं त्यांना सांगितलं: मुलगी सडपातळ, स्वतःचा फ्लॅट, नोकरी फिरतीची, परदेशात येणं-जाणं, माहेरचं कोणी नाही, नजर एकदम पक्की. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. रविवारी मायलेक पेढे घेऊन हजर!

"मुलगी कुठंय?" बाईंनी विचारलं.

"दाखवते न जी," म्हणत आत्यानं टीव्हीवर तो सिनेमा लावला आणि हातात पोह्यांच्या बशा दिल्या. हा सिनेमा आहे हे सांगायला मी तोंड उघडणार, तोवर बाई चष्मा लावून सरसावून बसल्या होत्या. जिन्यात चौघे आडवे झाले तेव्हा म्हणाल्या, "चपळ आहे हो." एकाचा टॉवेलनं गळा आवळला गेला तेव्हा म्हणाल्या, "थोडी रागीट वाटते." मुलाचे पोहे तसेच राहिले होते. "आई, केस छान आहेत," तो हळूच म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबला.

शेवटी बाईंनी बशी खाली ठेवली. "ताई, मुलगी आम्हाला पसंत आहे. फक्त लग्नानंतर ही नोकरी सोडावी लागेल. घरच्या सुनेला असलं काम बरं दिसत नाही."

माझं हसू तिथंच थांबलं.

आत्यानं टीव्ही बंद केला. "अच्छा," ती म्हणाली. "नाही सोडणार ती. तिचा हात चांगला आहे कामात. तुम्ही दुसरीकडे पाहा."

"आई, करू दे ना तिला नोकरी," मुलगा काकुळतीनं म्हणाला. पण बाई उठल्या होत्या. जाताना पेढ्यांचा डबाही परत घेऊन गेल्या.

आत्या खुर्चीवर तशीच बसून होती. मी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"काहून वाटेल? आजपर्यंत या घरात नकार आले. आज आपण दिला." एवढं बोलली आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.