बिनसाखरेचे बारा दिवस

आबांना डिप्रेशन आहे, असं जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी आधी काय केलं असेल, तर केबिनचं दार नीट लागलंय ना ते पाहिलं. गाडीसुद्धा मुद्दाम लांब, एका डाळ मिलच्या भिंतीला लावली होती. वडील माझे, आजार त्यांचा, पण लपवायची घाई मलाच.

हिवाळ्यात भरिताची वांगी भाजायला सगळ्यांच्या पुढे असणारा हा माणूस आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दाढी नाही, बोलणं नाही. दुपारी चारला मात्र आईच्या हातच्या चहासाठी उठायचा. कपात तीन चमचे साखर. दिवसभरात त्यांना हवंसं वाटणारं तेवढं एकच उरलं होतं.

अशात दोंडाईच्याहून काकांचा फोन आला, "भाऊले काय व्हयनं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "शुगर." सभ्य आजार, घरोघरी असतो.

दुसऱ्या दिवशी काका दारात हजर. पिशवीभर कारली आणि स्वतः कुटलेली जांभळाच्या बियांची पूड. भावाचं पथ्य सांभाळायला त्यांनी मुक्कामच ठोकला आणि साखरेचा डबा उशाशी घेऊन झोपू लागले. आई माझ्याकडे अशी बघायची, की त्यापेक्षा कारलं परवडलं.

आबांनी आठवडाभर तो बिनसाखरेचा चहा सोसला. मग चारला उठणंही सोडलं. तरी मला खरं सांगायची हिंमत होईना. असला मी शूर.

बाराव्या दिवशी काकांनी पुडीचा चमचा पुढे केला, तसे आबा उठून बसले.

"माले शुगर नही शे. माले डिप्रेशन शे. डॉक्टरनी गोयी चालू शे. बठ्ठासले, गावभर सांगी दे."

काका चमचा तसाच धरून बसले. "मंग मी इतल्या बिया कोनाकरता कुट्यात?"

मग माझ्याकडे वळले, "तू खोटं काबरं बोलना रे?"

"लाज वाटली," मी म्हणालो. आबांकडे बघवेना.

"माले बी वाटे," आबा म्हणाले. "पन लाजपायी फिका च्या कितला दिन पेऊ?"

काकांनी उशाजवळचा डबा माझ्या हातात दिला. चार वाजायला अजून तासभर होता. आईने लगेच आधण ठेवलं.